नादारीचा तक्ता

नादारी ह्या शब्दाशी माझा परिचय वयाच्या अकराव्या वर्षी झाला. वडील वाईच्या मामलेदार कचेरीत तगाईच्या दप्तरावर कारकून होते, घरात खाणारी तोंडे आठ होती, आणि हायस्कुलात नाव घालताना फी माफ व्हावी म्हणून जो छापील अर्ज भरून द्यावा लागे, त्याला आमच्याकडे सगळेच नादारीचा अर्ज म्हणत. त्या अर्जात पगाराचा रकाना होता, कुटुंबातील माणसांचा होता, आणि अन्य मिळकतीचाही एक होता. त्या शेवटच्या रकान्यात वडिलांनी, आई स्वयंपाकघराच्या दारातून 'नको, नको' म्हणून खुणावीत असताना, आमच्या वाट्यास आलेली आणि वर्षाकाठी दोन पोती बाजरीच्या पुढे कधी न गेलेली सव्वा एकर जिराईत जमीन सर्व्हे नंबरासह लिहून टाकली. मला अर्धी नादारी मिळाली. उरलेली अर्धी फी त्यांनी कशी भरली, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

तो शब्द पुन्हा माझ्या तोंडी आला तो पन्नासाहून अधिक वर्षे लोटल्यावर, आणि तोही न्यू जर्सीतील एडिसन गावी. एका कारखान्याच्या हिशेबखात्यातील नोकरी आटोपल्यावर मी अमेरिकेच्या संघराज्याच्या महसूल खात्याची परीक्षा देऊन, करदात्यांच्या वतीने त्या खात्यापुढे उभे राहण्याचा परवाना मिळविला होता, आणि जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आपल्या लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम घराच्या तळघरातील एका टेबलावर करीत होतो. पगाराचा दाखला, बँकेच्या व्याजाचा दाखला, मुलांच्या पाळणाघराच्या पावत्या, घरकर्जावर भरलेले व्याज, एवढ्यात बहुतेकांचे काम आटोपे. पुढे २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, घरांच्या किमती आधीच ढासळत होत्या त्या आणखी ढासळल्या, आणि नंतरच्या हंगामांत त्या टेबलावर एक निराळाच कागद येऊ लागला. त्याचे नाव १०९९-सी. ज्या बँकेने वा पेढीने ऋणकोला ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक कर्ज सोडून दिले असेल, तिने तो भरून जानेवारीअखेर ऋणकोकडे पाठवावयाचा आणि त्याची एक प्रत महसूल खात्याकडे रवाना करावयाची, असा तेथील दंडक आहे.

फेब्रुवारी २०११ मधील एका शनिवारी सकाळी एक जोडपे तो कागद घेऊन माझ्याकडे आले. तो एका मोठ्या गोदामात पाळीचा मुकादम होता, ती पाळणाघरात काम करीत असे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील. तिने पिशवीतून जपून काढलेल्या त्या कागदाच्या कोपऱ्याला कुंकवाचे बोट लागलेले होते, कारण कर्ज रद्द झाल्याचे पत्र म्हणून तो आठ दिवस देवापुढे ठेवलेला होता.

"काका, बँकेनं एक लाख दहा हजार सोडले," तो म्हणाला. "आता तुमच्याकडं त्याची नोंद तेवढी करायची."

त्या कागदाच्या दुसऱ्या रकान्यातील आकडा १,१०,००० डॉलरचाच होता. तो आकडा त्या वर्षीच्या त्यांच्या उत्पन्नात मिळविला जाईल, म्हणजे बँकेने जे सोडले त्यावर सरकार कर मागेल, हे सांगण्याची पाळी माझ्यावर होती, आणि ते कोणत्या शब्दांत सांगावे ह्याचा मी पुष्कळ वेळ विचार केला तरी अखेरीस ते सरळच सांगावे लागले. "पण आमच्या हातात एक डॉलर आला नाही," ती म्हणाली. "घर गेलं ते गेलंच." तो म्हणाला, "गावाकडं माझ्या चुलतभावाचं सोसायटीचं कर्ज दोन हजार आठ साली माफ झालं. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. त्याला नाही कुणी कर मागितला."

त्याचे म्हणणे यथार्थ होते. शेतीचे उत्पन्न भारतात प्राप्तिकराच्या कक्षेतच येत नाही, हे एक. पण त्याहून खोलवरची गोष्ट अशी की, माफी ह्या शब्दाने आपल्या मनात जे चित्र उभे राहते ते शेवटाचे असते. वडिलांच्या दप्तरात ज्या तगाईची माफी झाली तिच्या ओळीवर तांबड्या शाईची रेघ ओढली जाई, आणि त्या रेघेपलीकडे त्या कुळाशी सरकारचे देणेघेणे उरत नसे. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, हा दामदुपटीचा दंडक ज्या समाजाने शतकानुशतके मानला, त्याला ऋणाची सीमा ठाऊक होती. ऋण सुटल्यानंतर त्याच सुटकेतून नवे देणे जन्मास येते, ही कल्पना मात्र त्याच्या परिचयाची नव्हती.

अमेरिकेच्या कायद्यात तिचा उगम १९३१ सालच्या एका निवाड्यात आहे. कर्बी लंबर नावाच्या लाकडाच्या कंपनीने १९२३ साली एक कोटी एकवीस लाख डॉलरांहून अधिक दर्शनी किमतीचे रोखे काढले आणि त्याच वर्षी त्यांतील काही बाजारातून दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने परत विकत घेतले. ह्या व्यवहारात जे १,३७,५२१ डॉलर आणि ३० सेंट वाचले ते उत्पन्नच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो न्यायमूर्ती होम्स ह्यांनी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लिहिला, आणि तो इतका आटोपशीर आहे की चहा निवण्यापूर्वी वाचून व्हावा. त्यातील तत्त्व मी त्या दोघांना असे समजावून दिले: कर्जाची रक्कम हाती येते तेव्हा तिच्यावर कोणी कर मागत नाही, कारण जेवढे आले तेवढेच परत देण्याची जबाबदारी त्याच क्षणी अंगावर पडलेली असते, पुढे ती जबाबदारी कोणी उचलून घेतली, तर जे आले होते ते आपलेच होऊन राहते, आणि पूर्वी न लागलेला कर आता लागतो. मला हे तत्त्व न्याय्य वाटते. ज्याने कर्ज फेडले आणि ज्याला ते सुटले, त्या दोघांस कराच्या दृष्टीने एकाच पंक्तीस बसविणे योग्य होणार नाही.

परंतु ह्या न्याय्य तत्त्वाच्या शेजारीच त्या कायद्यात दुसरा एक नियम बसलेला आहे, आणि त्या दोहोंची गाठ जेथे पडते तेथे माझे मन आजही अस्वस्थ होते. ह्या जोडप्याने २००४ साली ३,८०,००० डॉलरांना घर घेतले, त्यावर आणखी २५,००० खर्चून छप्पर आणि स्वयंपाकघर नवे केले, आणि जून २०१० मध्ये, त्याच्या पाळ्या कमी होऊन हप्ते थकल्यावर, बँकेच्या संमतीने, कर्ज पुरते फिटणार नाही हे ठाऊक असूनही ते विकले. खर्च वजा जाता बँकेच्या पदरी २,९०,००० पडले. म्हणजे त्यांना ह्या वास्तूत १,१५,००० डॉलरांची खोट आली. ती खोट विवरणपत्रात कोठेही दाखविता येत नाही, कारण राहत्या घराच्या विक्रीतील तोटा हा खाजगी तोटा समजला जातो. माफी हिशेबात धरावी आणि खोट धरू नये, ह्याचे समाधानकारक उत्तर मला त्या सकाळी देता आले नाही.

सुदैवाने कायद्याने स्वतःच काही दरवाजे ठेवलेले आहेत. घरांची पडझड सुरू झाल्यावर २० डिसेंबर २००७ रोजी अध्यक्ष बुश ह्यांनी एका अधिनियमावर स्वाक्षरी केली, आणि मुख्य राहत्या घराच्या कर्जाची माफी वीस लाख डॉलरांच्या मर्यादेपर्यंत उत्पन्नातून वगळली गेली. ह्या सवलतीची वार्ता बहुतेकांच्या कानी असे. तिच्या पोटातील अट मात्र क्वचितच कोणास ठाऊक असे. माफ झालेले कर्ज घर विकत घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा त्यात भरीव सुधारणा करण्यासाठी काढलेले असावे लागे. केवळ घर तारण आहे, एवढ्याने भागत नसे.

म्हणून मला तो प्रश्न विचारावा लागला, जो आपल्या माणसांना विचारताना जीभ जड होते. २००६ साली घराची किंमत चढलेली असताना त्यांनी जुने कर्ज फेडून नवे ४,००,००० चे काढले होते, ज्यावर पहिली काही वर्षे केवळ व्याजच भरावयाचे होते आणि त्यामुळे मुद्दल तसूभरही उतरले नव्हते. जुन्या कर्जाची बाकी ३,३५,००० होती. वरचे ६५,००० हाती आले होते. त्यांचे काय केले? छपराचे आणि स्वयंपाकघराचे २५,००० त्याने चटकन सांगितले, त्यांच्या पावत्याही होत्या. उरलेल्या ४०,००० चा हिशेब देताना तो टेबलाकडे पाहू लागला. धाकट्या बहिणीचे लग्न. पुण्यात झालेली वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया. आणि क्रेडिट कार्डांची साचलेली थकबाकी. ह्यांतील एकही खर्च लाज वाटण्यासारखा नव्हता, तरी तो लाजला, आणि बायकोने त्याच्याऐवजी उरलेले आकडे सांगितले.

ह्या ४०,००० ना सवलत नव्हती, आणि कायद्याचा क्रम असा कठोर होता की माफ झालेल्या रकमेतून सवलत नसलेला भाग प्रथम बाजूला काढावयाचा आणि त्यावर जे उरेल तेवढ्यालाच सवलत द्यावयाची. म्हणजे १,१०,००० पैकी ७०,००० वगळले गेले आणि ४०,००० उत्पन्न म्हणून शिल्लक राहिले. दोघांच्या पगारात ते मिळविले असते, तर हजारो डॉलरांचा कर त्या वर्षी त्यांच्या अंगावर आला असता, आणि तो भरण्यास त्यांच्यापाशी काही नव्हते.

तेव्हा मी दुसऱ्या दरवाजाकडे वळलो, आणि तो कोणता हे त्यांना सांगताना माझ्या तोंडून आपोआप नादारी हा शब्द गेला. दिवाळे आणि नादारी ह्यांत तेथील कायदा भेद करतो. दिवाळ्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. नादारीसाठी केवळ एवढेच दाखवावे लागते की, कर्ज माफ होण्याच्या अगदी आधीच्या क्षणी आपले एकूण देणे आपल्या एकूण मिळकतीहून अधिक होते. जेवढ्याने ते अधिक, तेवढी माफी उत्पन्नातून वगळली जाते. हे ९८२ क्रमांकाच्या पत्रकावर कळवावयाचे असते, आणि त्यामागे दोन बाजूंचा एक तक्ता मांडून तो आपल्या दप्तरी जपून ठेवावयाचा असतो.

तो तक्ता मांडण्यात आमचे सारे दोन शनिवार गेले, आणि माझ्या उभ्या कारकिर्दीत मला आपल्या कामाचे महत्त्व त्या दोन दिवसांइतके क्वचितच जाणवले असेल. माणूस आपल्याजवळ काय आहे हे एरवी कधी लिहून काढीत नाही. घर, त्या वेळच्या बाजारभावाने, २,९०,०००. आठ वर्षांची मोटार, आणि तिच्यासोबतची जुनी दुसरी, मिळून ११,०००. बँकेत ४,०००. घरातील सामान, म्हणजे खाटा, कपाटे, भांडीकुंडी, मुलीचा पियानो, सारे जुन्या बाजाराच्या भावाने ८,०००. मग निवृत्तीसाठी साठविलेला फंड, ५८,०००. "त्याला तर बँकसुद्धा हात लावू शकत नाही ना?" त्याने विचारले. खरे होते, धनकोला तो शिवता येत नाही, तरीही नादारीच्या तक्त्यात तो मिळकतीच्याच बाजूस मांडावा लागतो. सर्वांत शेवटी दागिने. तिने ते घरून वजन करूनच आणले होते: मंगळसूत्र, पाटल्या, सासूने घातलेला हार, सुमारे चौदा तोळे. मी जून २०१० चा सोन्याचा भाव काढून ६,००० हा आकडा मांडला, आणि ती इतका वेळ गळ्यातील मंगळसूत्रावर हात ठेवून बसली होती, हे मला तेव्हा दिसले. मांडणे म्हणजे विकणे नव्हे, हे मी तिला सांगितले. ते आधीच सांगावयास हवे होते.

मिळकतीची बेरीज ३,७७,००० झाली. देण्याच्या बाजूस घराचे ४,००,०००, मोटारीचे ८,०००, कार्डांचे २२,००० (फेडलेली थकबाकी चार वर्षांत पुन्हा साचली होती) आणि इस्पितळाचे ३,०००, एकंदर ४,३३,०००. नादारी ५६,००० ची. शिल्लक ४०,००० तीत पुरते सामावत होते. कराचा एक पैसाही देणे निघत नव्हते. मी पत्रक भरले, दुसऱ्या शनिवारी त्यांच्यापुढे स्वाक्षरीसाठी ठेवले, आणि पेन त्याच्या हाती दिले.

त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत बोट फिरवीत वाचला आणि पेन खाली ठेवले. "काका, ह्यात गावची जमीन कुठं आहे?"

ती मी विचारलीच नव्हती. अन्य स्थावर मिळकतीचा रकाना तक्त्यात होता. तो मी, ह्या लोकांचे दुसरे घर नाही एवढे मनाशी धरून, कोरा सोडला होता. मिळकत जगात कोठेही असो, ती मोजलीच पाहिजे, हे मला पक्के ठाऊक असताना, आणि सातबाऱ्यावर नाव नाही असा मराठी माणूस आपल्या पिढीत विरळा हेही ठाऊक असताना, मी ते विचारले नाही. तो बोलला नसता तर दोघांनी शपथेवर केलेले विवरण खोटे ठरले असते, आणि त्याची जबाबदारी माझी असती. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी हा प्रश्न पहिल्याप्रथम विचारीत आलो.

"इथं कोण बघणार आहे ते?" ती हळूच म्हणाली. तो तिच्याकडे वळला नाही. "लिहा," एवढेच म्हणाला.

चुलतभावाने सातबाऱ्याचा उतारा पाठविला, शेजारच्या गटाच्या अलीकडच्या खरेदीखतातील दर कळविला, आणि मुकादमाच्या वाट्याची किंमत सवानऊ लाख रुपयांच्या आसपास ठरली. जून २०१० च्या हुंडणावळीने सुमारे २०,००० डॉलर. नादारी ३६,००० वर आली. ४,००० डॉलर उत्पन्नात धरावे लागले आणि त्यांवर, त्यांच्या पंधरा टक्क्यांच्या पायरीने, ६०० डॉलर कर निघाला. तो धनादेश त्याने माझ्या टेबलावर बसूनच लिहिला.

सर्वांचेच असे निभावले नाही. एका गृहस्थाने १०९९-सी हे जाहिरातीचे पत्र समजून फेकून दिले, आणि पुढे महसूल खात्याची नोटीस आली तेव्हा करासोबत दंड आणि व्याजही उभे राहिले. त्याची नादारी मागाहून सिद्ध करता आली, पण ते वर्ष त्याने झोपेवाचून काढले. दुसऱ्या एकाने घर भाड्याने देऊन मुक्काम हलविला होता, म्हणून ते मुख्य राहते घर उरले नव्हते, आणि फंड भरलेला असल्यामुळे तो नादारही नव्हता. त्याचा कर आम्ही हप्त्यांनी बांधून घेतला. उलट कॅलिफोर्नियातील माझ्या भाच्याने राहते घर विकत घेण्यासाठीच काढलेले मूळ कर्ज थकले, तेव्हा तेथील कायद्याने बँकेचा हक्क घरापुरताच असल्याने, घर गेले आणि मागे कर्जच उरले नाही. जेथे कर्ज उरले नाही तेथे माफी कशाची? न्यू जर्सीत ऋणको व्यक्तिशः बांधलेला असतो. राज्याची हद्द ओलांडली की एकाच आपत्तीचा कर निराळा होतो, हे त्या त्या माणसाला समजावून देणे फार जड जाई.

आणि ती २००७ ची सवलत तरी स्थिर कोठे होती? ती थोड्याथोड्या वर्षांपुरती देण्यात येई, संपे, आणि मग मागील तारखेपासून पुन्हा लागू होई. २०१३ अखेर ती संपली आणि २०१४ सालासाठी तिचे पुनरुज्जीवन झाले ते त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरला. म्हणजे त्या वर्षीच्या फेब्रुवारीत घर विकणाऱ्या माणसाने, आपल्यावर कर बसणार की नाही हे न कळताच, दहा महिने काढावयाचे. पुढे मर्यादाही वीस लाखांवरून साडेसात लाखांवर आणली गेली आणि मुदत २०२५ च्या अखेरपर्यंत नेली गेली. घर गमावणारा माणूस कायदेमंडळाच्या अधिवेशनाकडे पाहून घर गमावीत नाही. ही सवलत एकदाच आणि कायमची द्यावयास हवी होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

त्या मुकादमाने स्वाक्षऱ्या झाल्यावर विचारले होते, "सगळं मान्य झाल्याचा कागद येईल ना?" मी त्याला वडिलांच्या कचेरीतील बेबाकीच्या दाखल्याविषयी सांगितले: तगाईचा शेवटचा हप्ता भरला, की आता काही बाकी नाही, म्हणजे बेबाक, असा शिक्क्याचा कागद कुळाच्या हाती पडे, आणि लोक तो घडी करून गांधीटोपीत ठेवून गावी नेत. येथे तसा कागद नाही. खात्याला विवरण मान्य असेल तर खाते गप्प राहते, आणि साधारणपणे तीन वर्षे ते गप्प राहिले, की प्रकरण मिटले असे समजावयाचे. २०११ साली विवरणपत्राची अखेरची तारीख १८ एप्रिल होती. मी त्याच्या फाइलीवर पेन्सिलीने १८ एप्रिल २०१४ असे लिहून ती वरच्या खणात ठेवली.

त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी त्याला फोन केला. ते आता भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, मुलगी कॉलेजात गेली होती, पियानो मात्र विकावा लागला होता. मी तारीख उलटल्याचे सांगितले. तो क्षणभर थांबला.

"म्हणजे बेबाक?"

"बेबाक," मी म्हणालो, आणि फाइल खालच्या खणात ठेवली.